केळीच्या घडाला लावलेला पट्टा

आमच्या योगराजला गाडीत बसवणं हे एक दिव्यच होऊन बसलं होतं. दोन वर्षांपूर्वी हायवेवर त्याचा अपघात झाला, तेव्हा त्याने पट्टा लावलेला नव्हता. जीव वाचला, पण उजव्या हाताची बोटं वळेनाशी झाली आणि मनात भीती बसली. तेव्हापासून माझा हा धट्टाकट्टा मुलगा पुढच्याच सीटवर बसतो, कारण त्याला समोरचा रस्ता दिसावा लागतो. पट्टाही छातीशी घट्ट बसलेला हवा. मागे बसवलं की घामाघूम होतो. बसचं तर नावच काढायचं नाही.

सोमवारी सकाळी धुळ्याला त्याच्या हाताचं ऑपरेशन होतं. ती तारीख मिळवताना आमच्या नाकी नऊ आले होते. ही चुकली असती, तर पुन्हा किती महिने थांबावं लागलं असतं कोण जाणे. गाडी माझी सून ज्योत्स्ना चालवणार होती. नवऱ्याचा हात गेला म्हणून रडत न बसता ती ड्रायव्हिंग शिकून आली, आणि पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत रिक्षांच्या गर्दीतून अशी गाडी काढते की बघत राहावं.

रविवारी सकाळी गाडी पुसताना तिच्या लक्षात आलं, की पुढचा डावीकडचा पट्टा आत जात नाहीये. ओढला की बाहेर येतो आणि तसाच सैल लोंबत राहतो. योगराजने ते ओट्यावरून पाहिलं. तो तसाच आत गेला आणि पलंगावर आडवा झाला. मी समजले, उद्याचं बोंबललं.

ओळखीच्या गॅरेजवाल्याला बोलावलं. तो म्हणाला, आतली स्प्रिंग गेली असेल, सगळाच संच बदलावा लागेल, आणि तो नाशिकहून यायला चार दिवस लागतील. त्याचंही बरोबर होतं, रविवारच्या दिवशी तो तरी कुठून आणणार? पण माझं डोकं फिरलं. मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

ज्योत्स्ना मात्र गाडीतच बसून राहिली. तिने पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढला आणि चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत चाचपला. थोडा सोडायची, परत ओढायची. मग मला हाक मारली.

"आई, स्प्रिंग चांगली आहे. आतला स्वच्छ भाग कसा सर्रकन जातो बघा. हा बाहेरचा भाग पुठ्ठ्यासारखा कडक झालाय, तोच वरच्या कडीत अडकतो. आणि हे डाग बघितले का?"

तपकिरी, काळपट डाग होते. केळीवाल्या घरात जन्म काढलेल्या बाईला ते ओळखायला वेळ कशाला लागतोय? केळीचा चीक होता तो. मी मागे वळून आमच्या यजमानांकडे पाहिलं. शालिग्रामभाऊ टोपी काढून डोकं खाजवत होते.

"घड बांधेल व्हता मी," ते म्हणाले. "डाग पडना का कोनी हात बी लावस नही त्याले."

म्हणजे असं, की जामनेरकडच्या मळ्यातून नातेवाइकांना द्यायला घड आणताना हे गृहस्थ तो पुढच्या सीटवर उभा ठेवायचे आणि हलून केळ्यांवर डाग पडू नयेत म्हणून पट्टा लावायचे! ताज्या कापलेल्या दांड्यातून चीक गळत राहायचा आणि पट्टा तो पीत राहायचा.

"पोरले पट्टा नही, अन् केळीले पट्टा!" मी कडाडले. आणखीही पुष्कळ बोलले, ते इथे लिहीत नाही.

ज्योत्स्ना हसली, पण सासऱ्यांना एका शब्दाने बोलली नाही. तिने पट्टा पूर्ण ओढून तो आत जाऊ नये म्हणून मुळाशी पकड लावली. चिकावर रॉकेल चोळ, असं मी सुचवलं.

"नको आई, पट्ट्याची ताकद जाईल. डाग राहू द्या, डागाचं काय करायचंय? पट्टा पळाला पाहिजे."

मग कोमट पाणी आणि साबण. ओल्या फडक्याने ती एकेक वीत पुसत गेली, फडकं काळं झालं की नवं घ्यायची. वरच्या कडीवर चिकाचा थर बसला होता, त्यात कापडाची पट्टी ओवून तिने तो मागे-पुढे घासून काढला. ओला पट्टा आत जायला नको म्हणून दारं उघडी टाकून पंखा लावला. ऊन उतरेपर्यंत तिने पकड काढू दिली नाही. मी दहादा म्हटलं असेल, झालं की आता! माझ्याच्याने एवढा दम निघाला नसता. शिवण असो, स्वयंपाक असो, नवऱ्याचं दुखणं असो, ही मुलगी कशाचीही घाई करत नाही, आणि सोडतही नाही. देवाने मला सून दिली तेव्हा तो खुशीत असणार.

संध्याकाळी तिने पकड काढली. पट्टा सरसर आत गेला. भाऊंनी टाळी वाजवली.

तिने योगराजला बाहेर बोलावलं. "घ्या, झटका देऊन बघा."

त्याने डाव्या हाताने पट्टा ओढून जोरात हिसका दिला. पट्टा जागच्या जागी थांबला. त्याने पुन्हा दिला, मग दात-ओठ खाऊन दिला. गाडी हलली, पण पट्टा हलला नाही. शेवटी त्याने पट्टा सोडला, तो आत जाताना पाहिला आणि म्हणाला, "सकाळी लवकर निघू."

सकाळी आम्ही दोघं म्हातारे मागे बसलो. एरंडोलपर्यंत योगराजची मान ताठ होती. एरंडोल मागे पडलं आणि ती मान हळूहळू पट्ट्यावर कलली. मला वाटलं, त्याला चक्कर आली. मी पुढे वाकले, तर चक्क घोरत होता! बायको चालवत होती आणि माझा भित्रा लेक हायवेवर झोपला होता. माझे डोळे भरून आले. पुढे एक ट्रक रेंगाळत चालला होता. ज्योत्स्नाने हॉर्नवर ठेवलेला हात उचलला आणि ती निमूट त्याच्या मागे राहिली.