दुसरं उत्तर

"बाबा, एकाच प्रश्नाला दोन उत्तरं कशाला टाकलीत?" मुलगी मोबाइल बघत म्हणाली. "लोक म्हणताहेत, म्हातारा लाइक गोळा करत सुटलाय."

"म्हणू देत. लाइकचं काय लोणचं घालायचंय मला?"

चाळीस वर्षं पाण्याचे पंप दुरुस्त करत आलेला हा माणूस निवृत्तीनंतर प्रश्नोत्तरांच्या साइटवर लोकांना उपाय सांगू लागला. सांगायचा तो, टाइप करायची बायको. मोटर नुसतीच गुणगुणते, फिरत नाही, या प्रश्नाला त्यांचं उत्तर सगळ्यांत वर होतं. मोटरच्या मागची जाळी काढा, आतला पंखा हाताने दोनदा फिरवा, अडकलेली मोटर सुटेल. बायकोने घरच्या पंपावर ते करून पाहिलं आणि आपल्या मनाने खाली एक ओळ जोडली, "मी स्वतः करून पाहिलंय. घाबरू नका, काही होत नाही."

तिला जाऊन आता दोन वर्षं झाली होती. गेल्या आठवड्यात एका बाईंनी त्या उत्तराखाली लिहिलं, "शेवटची ओळ वाचून धीर केला. पंखा एकदम सुरू झाला. बोटाला पाच टाके."

त्याने आपलं उत्तर पुन्हा पहिल्यापासून वाचून काढलं. प्लग काढा, हे उत्तरात कुठे नव्हतंच! पंपाला हात लावण्याआधी प्लग काढायचा हे त्याच्या अंगात इतकं मुरलेलं, की ते सांगायचं असतं हेच सुचलं नव्हतं. बायकोने पंखा फिरवला तेव्हाही प्लग आधी त्यानेच काढून ठेवला होता. तिला त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून त्याने तासभर खपून, एका बोटाने दुसरं उत्तर लिहिलं होतं.

"ते पार तळाला पडलंय," मुलगी म्हणाली. "तिथली रीत आहे, बाबा. उपाय वेगळा असेल तर वेगळं उत्तर. चूक असेल तर पहिल्यातच सुधारायची. लोक वरचं वाचतात आणि लागतात कामाला."

"रीत कळते मला."

"मग?"

"पहिलं तुझ्या आईने लिहिलंय."

मुलगी त्याच्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "मी करू का?"

"नको. चूक माझी, मीच निस्तरणार. आज आणखी कुणी पंप उघडून बसलं असेल."

त्याने चष्मा पुसला. दुसरं उत्तर काढून टाकलं. पहिल्याच्या अगदी वर लिहिलं, "आधी प्लग काढा. काढला? पुन्हा बघा." मग तो बायकोच्या ओळीपाशी आला आणि शेवटून एकेक अक्षर पुसू लागला. "काही होत नाही" गेलं. "घाबरू नका" पुसताना डोळे भरून आले, पण बोट थांबलं नाही.

"मी स्वतः करून पाहिलंय" एवढं उरलं. ते खरं होतं. ते त्याने राहू दिलं आणि त्याच्यापुढे, तिनेच लिहावं तसं, सावकाश लिहिलं, "प्लग ह्यांनी आधीच काढून ठेवला होता."