टब भरून लावायची पट्टी

ब्लेडचं टोक आत सरकवलं मात्र, आणि टबाच्या कडेची हातभर पट्टी अलगद सुटून हातात आली. सिलिकॉनची पट्टी अशी कधी सुटत नाही. चिवट असते मेली, खरवडता खरवडता माणसाला घाम फोडते. पट्टीवाल्यांनी ती उलटी करून पाहिली. पाठीमागून काळीकुट्ट!

"बघितलंत?" बाथरूमच्या दारातून विहीणबाई म्हणाल्या. "मी काही उगाच बोलावलं नाही तुम्हाला. तुम्हीच सांगून गेला होतात, दहा वर्षं बुरशी धरणार नाही, आणि धरलीच तर तो पुसणाऱ्याचा दोष. आहे ना लक्षात?"

लक्षात नसायला काय झालं! तीस वर्षं लोकांच्या बाथरूमच्या आणि ओट्यांच्या फटी बुजवणारा हा माणूस घरोघरी हेच वाक्य फेकून निघायचा. लोक हसायचे, चहा पाजायचे. तीन वर्षांपूर्वी लेकीच्या सासरी नवा टब आला, तेव्हा यांनी हौसेने स्वतः पट्टी लावून दिली आणि निघताना सवयीने तेच ऐकवलं. ते लेकीच्या मानगुटीवर बसेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

मुलगी साबणाच्या पाण्याचं भांडं घेऊन शेजारी उभी होती. तिच्या बोटांची सालं निघालेली त्यांना दिसली.

"हे काय गं?"

"काही नाही बाबा. ब्लीचने होतं."

"किती वेळा घासतेस?"

"रोज. सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की. तरी चार दिवसांत ठिपके येतात. माझंच काहीतरी चुकत असणार."

"आणि मला एक फोन करता आला नाही?"

"तुमचं काम कसं चुकेल?" ती म्हणाली.

इतकं साधं म्हणाली पोर, की पट्टीवाल्यांना त्या टबातच तोंड लपवावंसं वाटलं. कारण त्यांना आता सगळं आठवत होतं. टबाला पट्टी लावायची, तर आधी टब काठोकाठ भरायचा. वजनाने तो नखाच्या जाडीएवढा खाली बसतो, फट उघडते. त्या उघड्या फटीत सिलिकॉन भरायचं आणि पक्कं होईपर्यंत पाणी तसंच ठेवायचं. रिकाम्या टबाला लावलेली पट्टी पहिला माणूस आत बसला की ताणली जाते आणि चिरते. धंद्यातल्या नवख्यांना त्यांनी हे किती वेळा सुनावलं होतं! पण त्या दिवशी नळाला धार बारीक होती, विहीणबाई बादल्या भरून ठेवत होत्या. लग्नाला जेमतेम महिना झालेला. मुलीच्या सासरी टबभर पाणी मागायचं कोणत्या तोंडाने? यांनी गुपचूप रिकाम्या टबालाच पट्टी ओढली. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते काय खोटं आहे?

गलबला ऐकून व्याही आले. भला माणूस. "मालच खराब निघाला असेल हो. हल्ली कुठे चांगला माल मिळतो?"

सुटायला दार आपणहून उघडलं होतं. पण विहीणबाई कुठल्या ऐकतात! "माल कशाला खराब असेल? स्वयंपाकघरात सिंकपाशी हीच पट्टी आहे. तीन वर्षांत एक ठिपका नाही. तिथे मी पुसते."

मुलीने मान खाली घातली. पट्टीवाल्यांनी ब्लेड खाली ठेवलं. तीस वर्षांचं नाव, आणि ही खाली गेलेली मान.

"विहीणबाई, माल चांगला आहे," ते उठून उभे राहिले, "आणि पुसणारीही चांगली आहे. चुकलो मी. टब न भरता पट्टी लावली. ती चिरली, पाणी मागे गेलं, ओल तिथेच राहिली आणि बुरशी मागच्या मागे वाढली. पुढून दहा जणी घासत बसल्या असत्या, तरी गेली नसती."

"टब का नाही भरलात मग?"

"पाणी मागायला लाजलो."

विहीणबाईंनी कपाळावर हात मारला. "काय माणूस आहात हो! एका टबासाठी? आणि मी इथे पोरीला तीन वर्षं..." त्यांनी सुनेच्या हातातलं भांडं काढून घेतलं. तिची बोटं उलटीपालटी करून पाहिली. "जा, बाहेर बस जरा. तुझ्या बाबांना काय हवं-नको ते मी बघते."

मग काम सुरू झालं. जुनं सगळं खरवडलं, फट स्पिरिटने पुसून कोरडीठाक केली, टब भरला.

"अजून वजन हवं असेल तर मी बसतो आत," व्याही म्हणाले.

"तुम्ही बसलात तर टब खालच्या मजल्यावर जाईल," विहीणबाई म्हणाल्या. पट्टीवाले इतके हसले की हातातली सिलिकॉनची गन खाली ठेवावी लागली. छातीवरचा धोंडाच उतरला होता.

एका दमात त्यांनी बुरशी न धरणारं नवं सिलिकॉन ओढलं, साबणाच्या पाण्यात बोट बुडवून पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत घोटली. "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. टबातलं पाणीही सोडून द्यायचं नाही," त्यांनी बजावलं.

हात धुऊन ते बाहेर आले. मुलगी खुर्चीतच झोपली होती, मान एका बाजूला कलंडलेली, तोंड जरासं उघडं. लहानपणी अश्शीच झोपायची.

"निघतो म्हणून सांगू का हिला?" त्यांनी विचारलं.

"हळू बोला," विहीणबाई कुजबुजल्या. "दुपारची कधी टेकलेली पाहिली नाही मी हिला. झोपू दे." आणि भांड्यांचा आवाज नको म्हणून त्यांनी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं.

पट्टीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, बूट हातात घेतले आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून ते पायात चढवले.