ओवाळणीत आलेला फॉर्म

भाऊबीजेला भाऊ ओवाळणीच्या ताटात पाकीट टाकतो, ऐपत असली तर साडी ठेवतो. जितेंद्रनं निरांजन बाजूला सरकवून बँकेचा फॉर्म ठेवला!

"ताई, मनीषनगरात फ्लॅट बुक केला. चाळीस लाख पाहिजेत, माया पगारावर बँक तीसच देऊन राहिली. तुयी नोकरी पक्की आहे. जामीनदार म्हणून एक सही कर. फॉर्मॅलिटी आहे, बस!"

प्रेमिला सरकारी नोकरीत कारकून. राहणं कोराडीच्या क्वार्टरमध्ये. वाचकहो, आपण पावशेर वांगी घेताना देठ उचलून बघतो. चाळीस लाखांवर सही मात्र करंज्या वाढेस्तोवर उरकतो. प्रेमिलानंही पेन उघडला.

"थांब वं प्रेमिला," पलंगावरून सासू बोलली. सिंधूताई अकरा वर्षं महिला बचत गटाच्या अध्यक्ष. "यानं हप्ता नाई भरला तं?"

"मावशी, सणाच्या दिवशी शुभ बोला ना!" काजल, जितेंद्रची बायको, फणकारली.

"शुभच बोलून राहिली. आमच्या गटातल्या एकीनं हप्ते बुडवले, ते आम्ही नऊजणींनी भरले. जामीनदार म्हणजे लग्नातला साक्षीदार नाई गा जितेंद्र, तो दुसरा कर्जदार होय! अन् ही तुयाकडे अडकली, तं पुढच्या साली माया नातीच्या, भूमिकाच्या नर्सिंगचं कर्ज इले कोण देणार?"

करंज्यांची ताटली घेऊन आलेली भूमिका दारातच थबकली.

"सरळ सांगा ना, आमचं घर तुमच्या डोळ्यात खुपते!" काजल कडाडली.

सिंधूताई हसल्या. "बरं बापा, करते ही सही. पण फ्लॅटच्या कागदावर प्रेमिलाचंही नाव टाका."

"नणदेचं नाव? माया घरावर? काहून?"

"काहून? कर्जावर चालते, तं घरावर काहून चालत नाई?"

जितेंद्रनं फॉर्म ताईपुढं आणखी सरकवला. प्रेमिलाला पाच वर्षांपूर्वीचा दिवस आठवला. मौदा गावी बाबांच्या शेताच्या हक्कसोडपत्रावर तिनं केलेली सही. समोर हाच भाऊ.

"तवाही तू फॉर्मॅलिटीच म्हणाला होता, जितू," ती हळूच म्हणाली. पहिल्या सहीनं बहीण हिश्श्यातून वजा झाली. दुसरीनं हप्त्यात जमा होणार होती!

तिनं पेनाला टोपण लावलं. "सही नाई करत. पन्नास हजार देते, ते परत मागणार नाई. पण पोरीचं शिक्षण या ताटात नाई टाकत."

"ठेव तुये पन्नास हजार! आजपासून मले बहीण नाई!" जितेंद्रनं फॉर्म ओढला. सहीच्या चौकटीवर कुंकू सांडलं होतं. दोघं न जेवता गेले.

सही मागणारा परका नसतो, म्हणूनच सांगतो. भाऊ असो, जावई असो, पेन उघडण्याआधी स्वतःला विचारा : हे सगळं कर्ज मला एकट्याला फेडता येईल का? येत नसेल तर तोंडावर नाही म्हणा. नकारानं नातं रुसतं. हप्ते थकले तर नातं जातं, आणि मागून तुमचा पगारही!

जितेंद्रनं पुढे तीस लाखांत बसेल असा लहान फ्लॅट घेतला. वास्तुशांतीचं आमंत्रण कोराडीला आलं नाही. बँकेची नोटीसही आली नाही. प्रेमिलानं दोन्हींचा हिशेब मनाशी मांडला, भूमिकाच्या कर्जाचा फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटच्यापर्यंत वाचला, आणि मग सही केली.