आडवा चांद

खापरच्या बाजारात माझ्या मामांचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. बीएस्सी झाल्यावर, पुढच्या प्रवेशाची वाट बघत, मी तिथं बसायला लागले. लग्नपत्रिका, दाखल्यांचे अर्ज, श्रद्धांजलीचे बॅनर, सगळ्यांचे साचे मामांच्या कॉम्प्युटरमध्ये तयार असतात. श्रद्धांजलीच्या साच्यात डोक्यावर ॐ असतो. तो काढायला लावणारा पहिला माणूस म्हणजे जामसिंग.

"ताई, हे आमच्यात नसतं," तो म्हणाला. "वर सूर्य आणि चांद पायजे."

जामसिंग काठीच्या पुढच्या एका पाड्यावरचा. वडील सुरुपसिंग गुजरातमध्ये ऊसतोडीला गेले होते, तिथंच दिवाळीच्या सुमारास वारले. मुकादमाने तिथंच अग्नी द्यायला लावला. गावाकडे आणण्यासारखं काही उरलं नाही. आता त्यांच्या नावाचा दगड पूर्वजांच्या रांगेत बसवायचा होता. जुन्या पद्धतीचे दगड घडवणारा गावातला माणूस राहिला नव्हता, म्हणून विसरवाडीला हायवेवर ग्रॅनाइटवर मशीनने कोरून देणाऱ्या गोपालकडे काम दिलं होतं. गोपालने सांगितलं होतं, कॉम्प्युटरवर लिहून आणा, जसंच्या तसं कोरतो.

"नुसतं नाव चालणार नाही का?" मी विचारलं.

"नावाची पाटी दारावर लावतात, ताई. चांद-सूर्य नसेल तर आमच्यातले जाणते करमसिंगकाका दगड रांगेत बसू देणार नाहीत." मग तो म्हणाला, "आणि दगड बसल्याशिवाय आई रडायला बसत नाही. आमच्या घराण्यात तसं आहे. दिवाळीपासून ती गप्प आहे. भाकरी करते, पाणी आणते. बोलत नाही. होळीच्या आत बसवायचाय."

मी कीबोर्ड पुढे ओढला. मराठीच्या मांडणीत काय काय दडलेलं असतं ते मला तोपर्यंत नीट माहीत नव्हतं. एकेक कळ आधी साधी, मग शिफ्ट धरून, मग उजवा ऑल्ट धरून, मग दोन्ही धरून दाबत गेले आणि काय उमटतं ते बघत गेले. श्लोकाशेवटचा दंड मिळाला, दुहेरी दंड मिळाला, रुपयाचं चिन्ह मिळालं. ॐ तर होताच. सूर्य नव्हता, चंद्रही नव्हता.

मामा मागून डोकावले. त्यांचं नाव हेमराज, पण बाजारात सगळे त्यांना शेठ म्हणतात. "काय करी ऱ्हायनी पोरी? चांद सापडना का नई?"

"नाही मामा. कीबोर्डवरच नाही."

"लगनपत्रिकाना फॉन्ट देख. तठे समदं शे."

तिथं खरोखरच सगळं होतं. गणपती किती तरी तऱ्हांचे, कलश, सनई, केळीचे खांब, हातात हात. एक सूर्यही होता, डोळे आणि मिशा असलेला.

जामसिंगने वाकून बघितलं. "हा तर हसतो."

"मंग हासू दे ना," मामा म्हणाले. "रडका सूर्य कोठून आनू तुन्हासाठे?"

जामसिंगही हसला. पण मान नाहीच हलवली.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. कळ नसली तरी क्रमांक दिला की चिन्ह येतं. त्या क्रमांकांची मोठी सारणी असते, ती मी उघडली आणि वरून खाली वाचत गेले. बुद्धिबळाचे घोडे, छत्र्या, फासे, ग्रहांची चिन्हं. त्यांच्यामध्येच किरणांचा एक साधा सूर्य मिळाला आणि थोडं पुढे चंद्राच्या दोन कोरी, एक डावीकडे तोंड केलेली, एक उजवीकडे.

"सूर्य चालेल. याला तोंड नाही," जामसिंग म्हणाला. चंद्राकडे मात्र तो बराच वेळ बघत राहिला. "हा आमचा नाही. हा उभा आहे."

त्याने मोबाईलवर आजोबांच्या दगडाचा फोटो दाखवला. त्यावरची कोर पाठीवर निजलेली होती, दोन्ही टोकं वर, नावेसारखी.

मला एकदम उत्साह आला. आपण विषुववृत्तापासून फार दूर नाही, त्यामुळे फाल्गुनाच्या सुरुवातीला संध्याकाळी दिसणारी कोर आपल्याकडे जवळजवळ आडवी असते. उत्तरेच्या थंड देशांत ती बरीच उभी दिसते. ही चिन्हं ठरवणाऱ्यांनी त्यांच्याकडच्या आकाशातला चंद्र घेतला असावा. हे मी जामसिंगला कागदावर पृथ्वी काढून समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"तसं असेल," तो म्हणाला. "पण उभा चालत नाही, त्याचं कारण काकांना माहीत. मला एवढंच सांगितलंय की आडवा पायजे."

आडवी कोर सारणीत नव्हतीच. मी उभीच घेतली आणि तिला पाव फेरा दिला. जामसिंगने मोबाईल पडद्याशेजारी धरून दोन्ही ताडून बघितले. मग म्हणाला, "हा." फाईल गोपालला गेली.

दगड आणायला जामसिंगने पिकअप ठरवली. त्या दिवशी मीही निघाले. मशीन दगड कसा कोरतं ते मला बघायचं होतं. विसरवाडीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. हायवेवर ट्रकची रांग लागली होती. गोपालने दगडावरचं पोतं झटक्यात बाजूला केलं.

काळा, आरशासारखा दगड. खाली नाव स्वच्छ. वर डावीकडे एक खोलगट चौकट, उजवीकडे तशीच एक, आणि आत काहीही नाही.

"कशी फिनिशिंग आहे बघा, बेन," गोपाल म्हणाला. "फोटो बसवायला जागा एकदम मापात केली."

"कसले फोटो?"

"अरे, दोन चौकटी होत्या ना फाईलमध्ये? गुजरातकडची पार्टी असंच करून घेते. चौकटीत फोटोची टाइल चिकटवतात. एक बापाचा, एक आईचा."

"आई जिवंत आहे," जामसिंग म्हणाला.

गोपालने हातातलं पोतं खाली ठेवलं.

काय झालं ते मला कळलं होतं. गोपालच्या जुन्या कॉम्प्युटरला क्रमांक मिळाले होते, पण त्या क्रमांकांची चित्रं त्याच्याकडे नव्हती. चित्र नसलं की कॉम्प्युटर तिथं रिकामा चौकोन ठेवतो. चंद्राला मी दिलेला पाव फेराही पोचला असणार, पण चौकोन पाव फेरा फिरवला तरी तसाच दिसतो. फाईल चित्र करून पाठवली असती तर हे घडलं नसतं. आकार कमीजास्त करता यावा म्हणून मी ती तशीच ठेवली होती.

हे सगळं मी बोलून दाखवलं. जामसिंग चौकटीवरून बोट फिरवत होता. शेवटी त्याने एवढंच विचारलं, "म्हणजे चांदाचा नंबर आला, चांद आला नाही?"

"हो."

तो दगडापासून दूर जाऊन रस्त्याच्या कडेला उभा राहिला. मी गोपालला विचारलं, वरचा थर घासून काढता येईल का. तो म्हणाला, घासला तर दगड पातळ होईल, वर चकाकी राहणार नाही. दुसरा दगड होळीआधी येणार नाही.

"चौकटीच्या तळाला अजून खोल कोरता येईल?"

गोपालने चौकटीत नख घालून खोली बघितली. "येईल. पण अक्षर-बिक्षर पाठवू नका आता. रेघ काढून द्या."

मी त्याच्या कॉम्प्युटरसमोर बसले. सूर्य सोपा होता, एक वर्तुळ आणि किरण. चंद्रासाठी एका वर्तुळातून दुसरं वर्तुळ वजा केलं. दुसरं किती वर सरकवायचं, कोर किती जाड ठेवायची, ते ठरेना. मी जामसिंगला हाक मारली आणि फोटो मागितला.

त्याने मोबाईल काढला नाही. हात वर करून पश्चिमेकडे दाखवलं. धाब्याच्या पत्र्यावर, ट्रकच्या धुरात, अमावस्येनंतरची कोर पाठीवर पडलेली दिसत होती.

तिच्याकडे बघत मी वर्तुळ सरकवलं. जामसिंग मागे उभा राहून "अजून बारीक, अजून" म्हणत होता. मग मशीन सुरू झालं. पाण्याचा फवारा आणि काळा गाळ उडत राहिला.

दगड बसवायला जामसिंगने मला बोलावलं. गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली पूर्वजांची रांग होती, काही दगड, काही सागाचे खांब, ऊन-पावसाने झिजलेले. त्यांच्यात आमचा दगड फारच काळा आणि नवा दिसत होता. कोकिळाबाई, जामसिंगची आई, बाकीच्या बायकांपासून थोड्या अंतरावर बसल्या होत्या. हात मांडीवर, नजर दगडावर.

करमसिंगकाकांनी दगडाभोवती एक फेरी घातली. चौकटींपाशी थांबून त्यांच्या बोलीत काही विचारलं. जामसिंगने उत्तर दिलं आणि मला सांगितलं, "विचारतात, ही खिडकी कशाला? म्हटलं, मशीनने केली."

काका पुन्हा काही बोलले.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, बघू या."

दगड खड्ड्यात थोडा मागे कलता उभा केला, माती दाबली. काकांनी पानाच्या द्रोणात मोहाची दारू घेतली आणि दगडाच्या माथ्यावर बारीक धार धरली. सगळे पुढे सरकले. धार सूर्यावरून घसरली, किरणांत न थांबता खाली आली. काकांनी द्रोण उजवीकडे सरकवला. आता दारू चौकटीच्या वरच्या कडेवरून आत उतरली आणि आडव्या कोरीच्या खाचेत जाऊन थांबली. खाच भरत गेली. काठोकाठ भरल्यावर तिच्यात वरच्या मोहाच्या पानाचं प्रतिबिंब हललेलं दिसलं. मग एका टोकाकडून थेंब सुटला आणि सुरुपसिंगच्या नावावरून खाली मातीत गेला.

उभ्या कोरीत काही थांबलं नसतं. आडवी कोर का हवी ते मला तेव्हा दिसलं. माझं आकाशाचं गणित चुकलं नव्हतं, पण ते कुणी विचारलं नव्हतं.

काकांनी द्रोण खाली ठेवला आणि एक शब्द उच्चारला.

"बसला, म्हणतात," जामसिंग हळूच म्हणाला.

कोकिळाबाई उठल्या. दगडाजवळ येऊन त्यांनी चंद्राच्या खाचेत बोट बुडवलं, ते ओलं बोट नावावर टेकवलं. नाव त्यांना वाचता येत नव्हतं, तरी बोट पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत गेलं. मग त्या तिथंच, ओल्या मातीत बसल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला, आणि दिवाळीपासून आत धरलेला आवाज मोकळा सोडला. बायका उठून त्यांच्याभोवती बसल्या.

जामसिंग हात बांधून उभा होता. त्याने मला थांबायला सांगितलं नाही, जायलाही सांगितलं नाही. मी मोहाच्या बुंध्याला टेकून तिथंच उभी राहिले.