जाळ्याचं शिसं

“बॅटरी फोडणाऱ्याच्या हातात देऊ नकोस हं, सुमेधा. त्याच्या घरात पोर असतंच,” असं तळमजल्यावरच्या आग्नेस आंटी म्हणाल्या, तेव्हा मी नुसतं “हो हो” केलं. आंटी दवाखान्यातून नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना पांगुळगाड्यापासून फ्रीजच्या पाण्यापर्यंत सगळ्याचीच धास्ती. आणि घाबरायला आमच्या घरात मी एकटी पुरेशी होते.

गेल्या वर्षी माझ्या नवऱ्याच्या, जितेशच्या, अंधेरीच्या ऑफिसात नवे कॉम्प्युटर आले आणि जुने त्यानं टेम्पोत घालून वसईला आणले. मॉनिटर, पत्र्याचे डबे, वायरींचा गुंता, आणि वीज गेली की कॉम्प्युटर चालू ठेवतात ते यूपीएस. आमची क्षितिजा नुकती रांगायला लागलेली. जे हाताला लागेल ते तोंडात. मी दिवसभर तिच्यामागून स्क्रू वेचत होते.

“सगळ्यांतून एक धड मशीन उभं करतो,” जितेश म्हणाला. “तू घरबसल्या टायपिंगची कामं घे.”

“आणि उरलेलं?”

“भंगारात. नाहीतर तुझ्या माहेरी.”

रोज संध्याकाळी तो एकेक डबा उघडायचा. चालती हार्ड डिस्क ठेवायची, मेलेला बोर्ड भंगाराच्या ढिगात. अडलं ते यूपीएसमधल्या बॅटऱ्यांवर. विटेएवढ्या, पण विटेहून जड. चार्ज धरत नव्हत्या, म्हणजे घरात उपयोग शून्य. पण फेकवतही नव्हत्या.

क्लेमेंटीननं पाटी उतरवता उतरवता त्या पाहिल्या. ती वसईच्याच पाचूबंदर कोळीवाड्यातली, मासे घेऊन आमच्या बिल्डिंगीत यायची.

“आत शिसं हाय ना गो? मना दे. जाळ्याला गोल्या लागतान.”

जाळ्याची खालची कड पाण्यात बुडावी म्हणून तिला शिशाच्या गोळ्या बांधतात. विकतच्या कोण घेतो? जुनं शिसं वितळवून तिचा सासरा घरीच ओतायचा.

माझ्या बाळंतपणात हिनंच मुशी मासळी आणून दिली होती. “दूध उतरंल, खा,” म्हणाली आणि पैशाला हात लावला नाही. म्हणून मला वाटलं, झालं, यापेक्षा चांगला निकाल कुठला? वस्तू वाया जाणार नाही, आणि तिच्या मायेची थोडी परतफेड होईल. दोन दिवस ती आली नाही, तेव्हा एका पिशवीत बॅटऱ्या आणि कडेवर क्षितिजा, अशी मीच रिक्षानं पाचूबंदरला गेले.

अंगणात तीन दगडांची चूल पेटली होती. तिचा सासरा लोखंडी पळीत स्कूटरच्या बॅटरीचं शिसं वितळवत बसला होता. धूर खाली खाली सरपटत बोंबील वाळत टांगलेल्या वलांडीकडे जात होता. चुलीशेजारी तिचा मुलगा लुईस उकिडवा बसून वाळूत थंड होणाऱ्या गोळ्या वेचत होता. मग तीच बोटं चोखत होता.

चार वर्षांचा, पण अंगानं दोनाचा. ओठ पांढरट.

“याला बरं नाही का गं?”

“प्वाट दुखतंय त्याचा सारका. माती खातंय मेला. जंताचं औशिद चालू हाय.” क्लेमेंटीन हसली. “आनलीस का गो? ठेव तिथं.”

मी पिशवी खाली ठेवली नाही. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली मी, कॉलेजात शिशाचा धडा पाठ करून मार्क मिळवलेले, आणि माझं लक्ष होतं फक्त एवढ्याकडे, की धूर क्षितिजाच्या नाकात जाऊ नये. मी चार पावलं मागे सरले. ते क्लेमेंटीननं पाहिलं.

“काय झालं?”

“हा धूर वाईट आहे. शिसं अंगात जातं, मुलांच्या तर फार. त्याचं पोट कदाचित त्यानंच... रक्त तपासून घे ना एकदा.”

सासरा पळीवरची नजर न काढता म्हणाला, “मी जलमभर वितलवलं. मेलो काय?”

“बाबा, तुम्ही मोठे आहात. तो लहान आहे.”

“तुजी पोर त्याच डब्यांवर खेलते,” क्लेमेंटीन म्हणाली. “ती चालते?”

“ते आम्ही फोडत नाही गं. मी तुला गोळ्या विकत आणून देते, हव्या तेवढ्या.”

तिचा चेहरा बदलला. “मुशी मी तुला विकली व्हती काय गो?”

 हातातली पिशवी तशीच घेऊन मी परत आले.

भंगारवाल्याला दिल्या असत्या, तर त्या फिरून अशाच कुणाच्या चुलीवर गेल्या असत्या. जितेशला म्हटलं, चालतं मशीन ठेव, बॅटऱ्या मात्र दुकानात नव्या बॅटरीच्या बदल्यात परत कर. तिथून त्या शिसं नीट काढणाऱ्या कारखान्यात जातात. “झालं ना मनासारखं?” त्यानं विचारलं. नव्या बॅटरीवर यूपीएस आता चालतो, टायपिंगची कामंही मिळतात.

क्लेमेंटीन मात्र आमचा जिना चढत नाही. समोरच्या बिल्डिंगीत तिची हाक ऐकू येते. मी गॅलरीत गेले की ती पाटी उचलते. आग्नेस आंटींना घेऊन एकदा तिच्या घरी गेले, तर दार बंद होतं.

माझं आता ती ऐकणार नाही. तुमचं कदाचित ऐकेल. तुम्ही मासळीला म्हणा, किल्ला बघायला म्हणा, पाचूबंदरला जात असाल, तर कृपा करून लुईसला एकदा बघून या. कुठेही धूर दिसला, तर आधी तो त्यापासून लांब आहे ना ते बघा. हात धुवायला लावा. त्याच्या आईला म्हणा, रक्त एकदा तपासून घे. माझं नाव काढू नका.

आणि त्याचे ओठ अजून पांढरे आहेत का, ते मला येऊन सांगा.