पेन्सिलीतला शेवटचा शब्द

चिंतामणीराव फोर्टमधल्या एका सॉलिसिटरकडे कारकून होते. जन्मभर जुने दस्त वाचून त्यांच्या तोंडी इंग्रजी बसलं होतं, तेही पणजोबांच्या काळातलं. दूधवाल्याने खाडा केला की राव हळहळून 'अलास' म्हणत. सुनंदाबाईंची शाळा सातवीत सुटलेली, त्यामुळे गिरगावातल्या त्या दोन खोल्यांत हे ऐकून घ्यायला भिंतीच होत्या. म्हणून लग्नानंतर रावांनी एक प्रघात पाडला. सकाळी चपला घालताना एक शब्द वाक्यात घालून सांगायचा आणि चालू लागायचं. बाईंनी कामं उरकता उरकता अर्थ ताडायचा आणि वहीत पेन्सिलीने लिहून ठेवायचा. संध्याकाळी चहाला राव तो तपासत. बरोबर असला तर शाईने गिरवत आणि दुसऱ्या दिवशी गजरा आणत. चुकला तर बाईंनी त्यांना चहाचा दुसरा कप करून द्यायचा.

'फोर्टनाइट' म्हणजे पंधरवडा, 'यॉन्डर' म्हणजे त्या तिकडे, 'परचान्स' म्हणजे कदाचित. चव्वेचाळीस वर्षांत सहा वह्या भरल्या. चहासाठी राव मुद्दाम अवघड शब्द काढतात, असा बाईंना दाट संशय होता.

शेवटचा शब्द नऊ वर्षांपूर्वीचा. त्या सकाळी डब्याला उशीर झाला होता. राव दारातून म्हणाले, "सुनंदा, डू नॉट टॅरी." दुपारी ते ऑफिसात टेबलावरच गेले. तोवर बाईंनी वहीत लिहून ठेवलं होतं, टॅरी म्हणजे काळजी करणे. काळजी करू नकोस, असंच म्हणाले असणार. त्या एका वाक्याच्या आधारावर त्यांनी पुढचे दिवस काढले.

अर्थ मात्र कुणाला विचारला नाही. तपासायचा हक्क एकाचाच होता. पण परवा वही उघडली तर पेन्सिल इतकी पुसट झालेली, की चष्मा लावूनही अक्षर लागेना. आता शाईने गिरवून घेतलं नाही, तर हेही हातचं जाणार होतं. आणि गिरवायचं तर आधी तपासायला हवं. त्यांनी नातीला, जुईला, हाक मारली आणि शब्द, अर्थ दोन्ही सांगून तपासायला लावलं.

जुईने मोबाइलमध्ये पाहिलं आणि तो पालथा ठेवला.

"आजी, राहू दे ना. तू लिहिलंयस तेच छान आहे."

"तुला तपासायला सांगितलंय."

"थांबून राहणं," जुई हळूच म्हणाली. "रेंगाळत बसणं."

डब्यावरून राव नुसते करवादले असतील, त्यात काही विशेष नव्हतं. पण थांबू नकोस म्हणून माणूस गेला होता, आणि बाईंनी नऊ वर्षं दुसरं काय केलं होतं? संध्याकाळी चहाचं आधण ठेवताना त्यांचे कान अजून जिन्याकडे असत.

जुईने पेन उघडलं आणि खरा अर्थ लिहू का म्हणून विचारलं. बाईंनी वही मिटली.

मग भिंतीला धरून त्या उठल्या आणि ओट्याशी गेल्या. दोन चमचे साखर घालून, रावांना लागे तसा, त्यांनी चहाचा दुसरा कप केला. तो खिडकीजवळच्या खुर्चीपाशी आणून ठेवला.

"चुकलं हो माझं," त्या म्हणाल्या, आणि चहा पार निवेपर्यंत तिथेच थांबून राहिल्या.