खुर्चीचा मान

कानातला फाया अजून ओलाच होता. अडत्याच्या गड्यानं सकाळी न विचारताच तो खोचला — चिमूटभर कापूस, त्यावर हिन्याचे दोन थेंब — आणि तेव्हापासून खुशाल पाटलाला डोक्याच्या उजव्या अंगाला काहीतरी मरून पडल्यासारखं वाटत होतं. अत्तर भारी होतं, हे त्यालाही कळत होतं. पण कापूस तो कापूस... काल अमरावतीत उतरल्यापासून तो सगळीकडे होता. हवेत, बैलांच्या पापण्यांवर, चूळ भरायला घेतलेल्या पाण्यात, पानात वाढलेल्या बासुंदीच्या सायीवर — आणि ती साय बोटानं बाजूला सारताना पोटातून जे उसळून आलं होतं ते आत्ताही घशाशी येऊन थांबलं होतं, ना वर ना खाली.

बोट कानाकडे गेलं. पण ज्याच्याकडे तो उतरला होता तो कापसाचा अडत्या समोरच हात जोडून उभा होता.

"राहू द्या, पाटील. आज खुर्ची हाय तुमाले. गंध पाह्यजेच."

खुर्ची. दरसाल हिवाळ्यात साहेब अमरावतीस दरबार भरवीत. गावोगावचे पाटील, देशमुख जमत. बहुतेकांनी दोराच्या पलीकडे उभं राहायचं, काहींनी सतरंजीवर मांडी घालायची, आणि ज्यांचं नाव पुकारलं जाई त्या मोजक्यांनी खुर्चीवर बसायचं. एकदा खुर्ची मिळाली की कचेरीतला चपराशी उठून उभा राहतो, अर्ज खालून वर येतो, चौकशीत आपला शब्द धरला जातो. बापाचा जन्म सतरंजीवर गेला. मी चाळिशीच्या आत तिथं पोचलो... पोचलो, असंच म्हणायचं ना?

तो शामियान्याकडे पायीच निघाला. रस्ता गाड्यांनी तुंबला होता. सातासमुद्रापार कुठंशी भाऊभाऊ लढून राहिले होते म्हणे, त्यांचा कापूस विलायतेला जाईना, आणि इकडे वऱ्हाडातल्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या चढल्या होत्या. एका गाडीवरचा माणूस वजन वाढावं म्हणून कापसाच्या बोंदऱ्यांवर उघड उघड पाणी शिंपडत होता. आतला कापूस आंबला होता. तो वास — ओल्या घोंगडीसारखा, आजाऱ्याच्या अंथरुणासारखा — नाकात शिरला आणि हिन्याशी जाऊन मिळाला. त्या माणसानं पाटलाला ओळखून रामराम घातला. पाटलानंही घातला. हसूनच घातला. हसणं आता आपोआप येत होतं, ओठांना सांगावं लागत नव्हतं.

बसायचा सराव त्यानं घरी केला होता. गावात खुर्ची कुठली? म्हणून माजघरातल्या कपड्यांच्या पेटीच्या काठावर, पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर ठेवून, पाठ ताठ करून. बायको, मनकर्णाबाई, दारात येऊन केव्हाची उभी होती कोण जाणे.

"काय करून राहिले तुमी? पोट दुखते काय?"

तो चिडला होता. मग त्यानं तिला दरबाराचं सांगितलं. गावाकडून आजवर खुर्ची असे ती एकट्या वामनराव देशमुखांना. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग वामनरावदाजी कुठी बसतीन?"

"त्यायची जागा त्यायले हायच की," तो म्हणाला होता. म्हणताना पेटीच्या कडीकडे पाहत होता.

कारण अकोल्याच्या कचेरीच्या ओसरीत साहेबांचा मुख्य कारकून, शिरस्तेदार, त्याच्या कानाशी लागून जे बोलला ते तिला ठाऊक नव्हतं. श्रावण होता, सारखी झड लागली होती. गावाजवळून आगगाडी जाणार, ठेसण होणार, ठेसणाला लागून कापसाचं आवार पाहिजे, आणि त्याला सोयीची जागा म्हणजे नाल्याकाठचे माळ्यांचे मळे — अशी ती चौकशी. शिरस्तेदाराच्या तोंडात विडा होता, बोलताना त्याचा लाल फेस ओठांच्या कोपऱ्यात जमत होता. "साहेबांना अडचण आवडत नाही, पाटील. आणि येत्या दरबारात एक जागा रिकामी होणार आहे." एवढंच. कोणाची, ते तो बोलला नाही. मी विचारलं नाही. न विचारण्यातच सगळं ठरलं होतं काय?

आत साहेबांसमोर वामनराव देशमुख बोलत होते. पागोटं भिजलेलं, धोतर चिखलानं माखलेलं, पण आवाज नेहमीचाच, भिंतीला लागून परत येणारा. "हुजूर, हे मळे माळ्यायचे. चार पिढ्यायपासून त्यायचाच ताबा. दर दसऱ्याले पाटलाच्या घरी मळ्याची पहिली टोपली जाते, तीच वहिवाट. खोटं वाटत असन तं हा पाटीलच उभा हाय, याले विचारा." आणि त्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं होतं — शंका नाही, विनवणी नाही, माणूस आपल्याच घराच्या दाराकडे पाहतो तसं.

याच कचेरीत, काही वर्षांपूर्वी, चुलतभावानं पाटीलकीवर दावा लावला तेव्हा खुशालच्या बाजूनं एक माणूस उभा राहिला नव्हता. चुलतभावानं सगळ्यांना जेवणं घातली होती. मग वामनराव आपण होऊन आले, घोडीवरून उतरले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "याच्या आज्याले म्या पाटीलकीवर पाह्यलं, याच्या बापाले पाह्यलं. मले माहीत हाय." तेवढ्यावर पाटीलकी राहिली. त्यानंतर त्यांनीच शिकवलं — हाकिमासमोर कुठं थांबायचं, नजर किती वर ठेवायची, पहिल्यांदा बोलायचं नाही पण शेवटी गप्प राहायचं नाही.

साहेबांनी पेन्सिल थांबवून विचारलं. शिरस्तेदारानं मराठीत सांगितलं. बाहेर पागोळ्या गळत होत्या.

"मले नाही माहीत, हुजूर."

खोटं नव्हतं ते... माहीत नाही म्हणणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. मळे माळ्यांचे नाहीत असं मी म्हणालो नाही. त्यांना हुसकून लावा असं म्हणालो नाही. मला माहीत नाही एवढंच म्हणालो, आणि तोंडात पितळेची चव आली. वामनरावांनी पागोटं काढून ते दाराबाहेर नेऊन पिळलं, एवढंच. पाणी कितीतरी वेळ गळत होतं.

दसऱ्याला, सोनं वाटून तो घरी येतो न येतो तोच सूर्यभान माळी आला. मळा आता दिवाळीपर्यंतच त्याचा होता. विहीर बुजवायला मातीच्या गाड्या येऊन पडल्या होत्या. सूर्यभाननं ओसरीवर टोपली ठेवली — वांगी, मिरच्या, वर झेंडूची फुलं, वांग्यांच्या देठांवर अजून दहिवर — आणि वाकून पायांवर डोकं ठेवलं.

"काहून आणली?" खुशालच्या तोंडून निघालं.

"वहिवाट हाय, पाटील," सूर्यभान म्हणाला. "आमच्याकून कशी मोडावी?"

आवाजात राग असता तर बरं झालं असतं. टोमणा असता तरी... पण खुशालनं कितीदा तो आवाज मनात उलटापालटा करून पाहिला, त्यात काही सापडत नव्हतं. मनकर्णाबाईनं त्याच वांग्यांचं भरीत केलं. पहिला घास तोंडात गेला, आणि तो उठून परसात जाऊन ओकला. ती तांब्या घेऊन मागं आली. पाठीवर हात फिरवला नाही. पाणी ओतत राहिली, जसं ढोराच्या पुढ्यात ओततात तसं.

शामियान्यात खुर्च्यांच्या दोन रांगा होत्या, सतरंज्या कडेला, आणि दुसऱ्या रांगेमागं लगेच दोर. शिरस्तेदार आज पांढऱ्या अंगरख्यात, तसाच विडा तोंडात. "या, पाटील, या. दुसऱ्या रांगेत, खांबाशेजारी." खुशालला ती जागा ठाऊक होती. मागच्या साली दोराच्या पलीकडे उभं राहून त्यानं त्या खांबाशेजारचं भिजल्या हळदीच्या रंगाचं पागोटं पाहिलं होतं, त्याकडे बघत मान ताठ केली होती.

जागा हातानं चाचपून तो बसला. वेताची बैठक खाली दबली, पाय अधांतरी झाल्यासारखे वाटले. मांडी घालायची सवय असलेल्या अंगाला आपले गुडघे कुणा दुसऱ्याचे वाटू लागले. शेजारचा कुणी एक देशमुख अत्तरात न्हाऊन ढेकर देत होता. पुढच्या रांगेतला कुणी दुसरा अडत्या, साहेबाच्या कुत्र्यानं बूट हुंगला म्हणून कृतकृत्य होऊन सगळ्यांकडे पाहत होता. सगळ्यांच्या चेहऱ्यांवर एकच तेल चोपडलं होतं. माझ्याही असणार. आरसा नसला तरी कळतं. गालांना ओढ बसते.

मग दोराशी कुजबुज झाली. त्यानं वळून पाहिलं नाही, पण आवाज ओळखला.

"माही जागा खांबापाशी राह्यते."

"यंदा तुमचं नाव नाही, दाजी," शिरस्तेदार हळू बोलला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतपत. "मागं उभं राहता येईल. थांबायचं असेल तर."

माघारी जातील, असं खुशालला वाटलं. जावेत. घोडीवर बसावं, शिव्या देत जावं, गावभर आपलं नाव घेऊन थुंकावं... पण काठीचा आवाज जवळ जवळ येत गेला आणि बरोबर त्याच्या खुर्चीमागं थांबला. दोराच्या पलीकडे, एका हातावर. म्हाताऱ्याला दम लागला होता. गुडघे दुखत असतील, नेहमीच दुखतात. खुशालनं दोन्ही हात खुर्चीच्या बैठकीवर टेकले. उठायचं. साधी गोष्ट आहे — उठायचं आणि म्हणायचं, दाजी, बसा. साहेब पाहतील, शिरस्तेदार पाहील, पाहू दे. कंबर वर आलीसुद्धा...

मागून खांद्यावर हात पडला. दाबणारा.

"बस." वामनरावांचा आवाज कानाशी होता. "आता बसला हाय तं नीट बस. पाय हालवू नको. साहेब पाह्यते."

राग नव्हता त्यात. तोच आवाज, अकोल्याच्या कचेरीच्या पायऱ्यांवर शिकवणारा. खुशालनं खाली पाहिलं. त्याचा उजवा पाय खरंच थरथरत होता. त्यानं तो थांबवला. लगेच थांबला. आणि त्या लगेच थांबण्याची त्याला अशी शिसारी आली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

साहेब मोडक्या हिंदुस्थानीत बोलू लागले — वऱ्हाडचा कापूस, सरकारची मेहेरबानी, आगगाडी. नावं पुकारली जाऊ लागली. "खुशालराव पाटील!" तो उठला, पुढं गेला, नजर शिकवल्याइतकीच वर ठेवली, वाकला, खांद्यावर शेला आला, हातात विडा आला. साहेबांची बोटं थंडगार, मऊ होती. परत येताना वामनरावांकडे बघावं लागेल, ही भीती होती. पण बघावं लागलं नाही. शेला सावरायचा होता, विडा सांभाळायचा होता, पायाखाली गालिच्याची घडी होती. तो आला आणि बसला. या वेळी हातानं चाचपून न बघताच बसला.

आता येईल, म्हणून तो वाट पाहू लागला. घशाशी थांबलेलं ते, आता वर येईल. पुढं आणखी नावं चालली होती. टाळ्या होत होत्या. काही आलं नाही. अंगात एक मंद ऊब पसरत होती, जेवण झाल्यावर पसरते तशी, आणि पाठ आपोआप वेताला टेकत होती.

मागं म्हातारा श्वास घेत होता. तंबाखूचा, भिजून वाळलेल्या कपड्यांचा, म्हातारपणाचा वास... तो श्वास दर खेपेला मानेच्या मागं लागत होता, ओलसर, कोमट. कशाला उभं राहायचं इतका वेळ? झालं ना आता. कुणी उभं राहा म्हणून गळ घातली होती? घरी जाऊन पडावं, या वयात... खुशालच्या मानेवरचे केस ताठ झाले. हे मी कोणाबद्दल म्हणतो आहे, असं त्याच्या मनात आलं. आलं, पण एखाद्या लांबच्या खोलीत कुणी भांडं ठेवावं तसं आलं, आणि तो आवाज कोणत्या खोलीतून आला हे बघायला त्याला उठावंसं वाटेना.

श्वास पुन्हा मानेला लागला.

खुर्चीत तो किंचित पुढं सरकला. फार नाही. श्वास पोचणार नाही, इतकंच.